दोर त्याच्या हातात नव्हता

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीच्या मुलांच्या नकाशावह्या तपासत होते. एका पोराने भीमा नदी थेट अरबी समुद्रात नेऊन सोडली होती. मी लाल पेन उचलणार, तेवढ्यात मोबाइल वाजला. माझी मुलगी म्हणते, असं काही नव्हतं. तू स्वयंपाकघरात लसूण सोलत होतीस, फोन मीच उचलून तुला आणून दिला, वह्या आदल्या दिवशीच्या... असेलही. मंगल, म्हणजे माझी भावजय, फोनवर एवढंच म्हणाली, "आक्का, या. ह्यांचं संपलं." दौंडहून आमचं वडगाव रासाई काही फार लांब नाही, पण त्या दिवशीचा रस्ता मला आठवत नाही. रडू आलं नाही. आता दीड महिना होत आला, अजूनही आलेलं नाही. शाळेत जाते, फळ्यावर नदीची खोरी काढते, घरी येऊन भाजी फोडणीला टाकते. दात काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतात आणि अर्धा गाल आपला राहत नाही, तसं काहीतरी झालंय.

विलास माझा धाकटा भाऊ. सकाळी गाईंना वैरण टाकून ओट्यावरच्या बाजेवर टेकला आणि मान खाली गेली, ती वर आली नाही. हार्टअटॅक, डॉक्टर म्हणाले. लोक हळहळतात, चांगलं मरण आलं म्हणतात. मला त्याच्या मरणाबद्दल फारसं लिहायचं नाही. तो पाच-सहा वर्षं एका आठवणीबरोबर जगला, तिच्याबद्दल लिहायचं आहे. ती आठवण खोटी होती. विलास मात्र आयुष्यात कधी खोटं बोलला नाही. लहानपणी आंबे मी चोरायचे आणि हा पाटलांना जाऊन सांगायचा, "आक्कानं काढलं, मी खाल्लं." असला भाऊ कुणाला मिळू नये.

आमचं रान भीमेच्या काठाला. नदीकाठच्या प्रत्येक गावाला एक काम पाठ असतं. वर धरणातून पाणी सोडणार असा निरोप आला की माणसं हातातलं टाकून नदीकडे पळतात, मोटारी वर काढायला. पाणी चढलं की पंप, पाइप, स्टार्टर सगळं जातं. आमची मोटार संतोषच्या घराशी सामाईक होती. संतोष म्हणजे शेजारच्या जनाकाकूंचा एकुलता एक मुलगा. विलास आणि तो एकाच वर्गात, एकाच बाकावर बसून नापास झालेले. त्या वर्षी पाणी सोडल्याचा निरोप आला तेव्हा हे दोघं निघाले. मोटार वाहून जाऊ नये म्हणून आधी तिला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक काठावरच्या बाभळीला बांधलं आणि पाइपचे नट सोडायला खाली उतरले. काठ आतून पोखरलेला होता. तो खचला आणि दोघंही पाण्यात गेले. विलास खाली जलपर्णीच्या गठ्ठ्यात अडकला, त्याला माणसांनी ओढून काढलं तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. संतोष दुसऱ्या दिवशी सापडला, बराच खाली, दौंडच्या अंगाला.

हे असं झालं. पलीकडच्या काठावरून पाहणारी माणसं होती, त्यांनी सांगितलं म्हणून ठाऊक. तसं म्हणाल तर गावाच्या आठवणीवरही मी फार भरवसा ठेवत नाही. विलासला पाण्यातून बाहेर काढणारी माणसं दर वर्षी वाढत गेली. आता ऐकाल तर निम्म्या गावाने त्याला काढलं, आणि त्यातल्या एकाला तर मी स्वतः त्या दिवशी दौंडच्या बाजारात कांदे विकताना पाहिलंय. पुढे विलासला आजारी म्हटलं गेलं, यांना कुणी म्हणत नाही.

आमच्याकडे कुणी गेलं की लोक दारावर येतात. दहाव्यापर्यंत माणसांची रीघ असते. येणारा पाणी पितो, टोपी काढून मांडीवर ठेवतो, थोडा वेळ गप्प बसतो आणि मग विचारतो, "कसं झालं वं?" हे विचारावंच लागतं. न विचारता उठणाऱ्याला माया नाही असं समजतात. घरातलं कुणीतरी पहिल्यापासून सांगतं. ऐकणारे चुकचुकतात, मध्ये एखादा प्रश्न घालतात. ते लोक उठेपर्यंत दुसरी जीप येते आणि सांगणं पुन्हा पहिल्यापासून सुरू. संतोषच्या दारावर सांगणारा विलास होता. जनाकाकू बोलण्याच्या अवस्थेत नव्हत्या, आणि 'तिथं व्हता कोन?' म्हटलं की सगळ्यांच्या माना विलासकडे वळायच्या. मी शाळेत रजा टाकून आले होते. आत चहा करत होते आणि दाराआडून ऐकत होते.

पहिल्या दिवशी तो म्हणाला, "काठ खचला. दोघंबी गेलो. म्होरलं न्हाई आठवत." तेवढंच. डोळे कोरडे होते आणि आवाज बाजारभाव सांगावा तसा. मग शिरूरकडचे एक म्हातारे पाहुणे आले. त्यांनी मायेनंच विचारलं, "आरं, दोर न्हवता का संगं?" विलास म्हणाला, "व्हता." खरंच होता, मोटारीला बांधलेला. दुसरे कुणी म्हणाले, "मंग त्येच्याकडं टाकायचा न्हाई का?" तिसऱ्याच बाईंनी डोळ्याला पदर लावत म्हटलं, "हाक तरी मारली आसंल वं लेकरानं..." असं रोज चाललं. कुणाच्या मनात काळंबेरं नव्हतं. जो तो आपल्याला सुचेल ते विचारत होता. दहाव्याच्या दिवशी नदीवरून परतल्यावर कुणीतरी नव्याने विचारलं आणि विलास म्हणाला, "दोर माज्या हातात व्हता. संतोषनं हाक मारली. इलास, धर म्हनला. माज्याच्यानं धरवंना. मी सोडला." माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो मी कुठे ठेवला, कुणाला दिला, काही सांगता येत नाही.

त्यानंतरचा विलास निराळा होता. नदीकडे जायचा बंद झाला. रानातल्या स्टार्टरचा खटका वाजला की त्याचे खांदे वर जायचे. जलपर्णीचा वास आला की उलटी. मुलांशी बोलायचा, पण भिंतीपलीकडच्या माणसाशी बोलावं तसा. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर तो घर सोडून शिक्रापूरला गेला, एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून. हायवेलगतच्या खोलीत बिहारची पोरं आणि हा. मी भेटायला गेले तर खोलीच्या भिंती ट्रकने हादरत होत्या. "इथं झोप तरी कशी लागते रे?" म्हटलं. तर म्हणाला, "इथंच लागती. पानी ऐकू येत न्हाई." त्याच्या खोलीतल्या एका पोराने मला बाहेर गाठून सांगितलं, "दीदी, भैया नींद में रस्सी रस्सी करते हैं."

मी मास्तरीण. मला चूक दिसली की हात शिवशिवतो. मी त्याला चार दिवस वडगावला आणलं आणि कागदावर नदी काढून दाखवली. इथे बाभूळ, इथे मोटार, इथे तू, इथे संतोष. दोराचं हे टोक झाडाला, हे मोटारीला. "आता सांग, तुझ्या हातात दोर कुठून येणार? तू तर पाण्यात होतास!" त्याने नकाशा नीट पाहिला. शाळेत कधी पाहिला नव्हता इतका नीट. मग म्हणाला, "नकाशा बराबर हाय, आक्का. पर दोर माज्या हातात व्हता." मी चिडले. काय बोलले ते लिहीत नाही. त्याने कागदाची घडी घालून मला परत दिली.

त्याच्या हट्टाला एक कारण होतं. त्याला त्या दिवशीची आणखी एक गोष्ट आठवायची, की पाण्यातून एक निळा ड्रम वाहत गेला आणि त्यावर बगळा बसला होता. लोक हसायचे. मंगलसुद्धा म्हणायची, पुरात कुठला बगळा बसतोय? पुढे एका लग्नात खालच्या अंगाच्या गावचा माणूस जेवता जेवता सांगू लागला, त्या पाण्यात आमच्याकडं एक निळा ड्रम आला होता, बगळा काही केल्या त्यावरून उठेना, पोरांनी व्हिडिओ काढलाय. विलास माझ्या शेजारीच बसला होता. त्याने ताटातला हात काढून घेतला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "बगळा खरा निघाला, आक्का. मंग दोर बी खराच." बगळा त्याने खरोखर पाहिला होता. बगळा आणि दोर त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी होते, आणि दोन्ही तेवढेच लख्ख.

शेवटी तो एक दिवस जनाकाकूंकडे गेला. मी बरोबर होते. त्याने त्यांच्या पायाशी बसून सांगितलं, "काकू, संत्याला मी सोडला." काकू भाकरीचं पीठ मळत होत्या. त्यांनी हात धुतले, त्याच्या दंडाला धरून उठवलं आणि गोठ्यात नेलं. गाय ज्या दोराने बांधली होती तो दोर त्याच्या हातात दिला. "ह्योच त्यो. बाभळीला हुता, मोटार त्येलाच लटाकली हुती. गाठ मी सोडली, ह्या हातानं. नखं मोडली माजी. तुज्या हातात कवाच न्हवता, बाबा." विलासने दोर चाचपला, गाठ पडायची तिथे दोराला पडलेला पीळ पाहिला. "व्हय," म्हणाला. मला वाटलं, सुटला. घरी येताना बांधावर थांबला आणि म्हणाला, "काकूंचं काळीज मोठं हाय. माज्यासाठी खोटं बोलल्या." म्हणजे पोरगा गमावलेली आई सांगतेय तेही खोटं! मला त्या क्षणी त्याचा राग आला आणि भीती वाटली. भीती जास्त. एवढ्याने निघत नाही, तर मग ते निघणार कशाने?

शिरूरला आठवड्यातून एकदा एक मानसोपचाराच्या डॉक्टर यायच्या. मंगलने त्याला तिथे नेलं. आधी बीपीची गोळी आणायची म्हणून नेलं, कारण 'डोक्याचा डॉक्टर' म्हटलं असतं तर तो एसटीत चढलाच नसता. डॉक्टर बाईंनी आजाराचं नाव सांगितलं. आघातानंतरचा ताण, पीटीएसडी. औषधं दिली, बोलतं केलं. मला वाटायचं, असल्या माणसाला झालेला प्रसंग जसाच्या तसा दिसत असणार, म्हणून तर तो त्रासतो. त्या म्हणाल्या, काही भाग अगदी पक्का राहतो आणि काही भागच नसतो. जिथे नसतो तिथे माणूस काहीतरी भरतो, ऐकलेलं, विचारलेलं, भ्यालेलं. मग भरलेलं आणि पाहिलेलं त्याचं त्याला वेगळं करता येत नाही. आपल्या सगळ्यांचंच थोडंफार असं असतं. मी विचारलं, "पण इतकी स्पष्ट आठवण चूक कशी असेल?" त्या हसल्या. "बाई, आठवण डब्यात ठेवलेली भाकरी नसते. दर वेळी नव्याने थापावी लागते. ज्याचा ज्याचा हात लागला त्याचं पीठ तिला लागतं." मला तो ओटा आठवला, मांडीवरच्या टोप्या आठवल्या... किती हात लागले होते त्या भाकरीला.

डॉक्टरांनी त्याच्याशी दोराबद्दल कधी वाद घातला नाही. त्यांनी त्याला फक्त एक सवय लावली. दोर माझ्या हातात होता असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणायचं, पण वाक्याच्या शेवटी तीन शब्द जोडायचे, 'असं मला आठवतं'. मला हा उपाय पोरकट वाटला होता. विलास मात्र शाळेतला गृहपाठ करावा तसा तो करू लागला. नुसत्या दोरालाच नाही, सगळ्यालाच. "गाईला पानी दावलंय. असं मला आठवतं." "चावी खुटीला हाय. असं मला आठवतं." पोरं टर उडवायची. मंगल ताट वाढताना म्हणायची, "आमटीत मीठ टाकलंय, असं मला आठवतं," आणि तो पहिल्यांदा हसला तो या आमटीवर. मंगलने त्या दिवशी मला मुद्दाम फोन करून सांगितलं होतं, आक्का, ते हसले. दुसरं काही सांगायला फोन नव्हता.

बरा झाला का? लोक विचारतात. शिक्रापूरची नोकरी सोडून तो घरी आला. झोपायला लागला. शेवटच्या दोन वर्षांत बांधावर जाऊन बसायचा, जिथून नदी दिसते तिथे. त्याच्या पुढे गेला नाही. दोर माझ्या हातात नव्हता, असं त्याच्या तोंडून मी शेवटपर्यंत ऐकलं नाही. "दोर माज्या हातात व्हता, असं मला आठवतं," इथवर तो आला आणि तिथेच राहिला. माझ्यातल्या मास्तरणीला हे उत्तर अर्धं वाटायचं. आता वाटत नाही. त्या तीन शब्दांवर त्याने गाई राखल्या, मुलीचं लग्न लावलं, ऊस लावला.

आणखी एक. तो कुणाच्या दारावर गेला की 'कसं झालं' कधी विचारायचा नाही. पाणी प्यायचा, बसायचा आणि घरातल्या माणसाकडे पाहून एवढंच विचारायचा, "जेवला का?" सुरुवातीला लोकांना ते विचित्र वाटलं. सुतकाच्या घरात जेवणाचं काय विचारतोय, म्हणाले. हा शांतपणे उठायचा, शेजाऱ्यांनी आणून ठेवलेली भाकरी-पिठलं शोधायचा आणि त्या माणसाच्या पुढ्यात ठेवायचा.

आता त्याच्याच दारावर माणसं आली. तो टेकला होता तोच ओटा. त्याची बाज भिंतीला उभी केलेली. सांगणारी मंगल. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "मी धारा काढत व्हते. च्या घेऊन आले, तर मान खाली." मी ते पाठ केल्यासारखं लक्षात ठेवलं. का ठेवलं, ते मला त्या वेळी कळलं नाही. मग जीपा येऊ लागल्या. कुणीतरी विचारलं, "काही बोलले न्हाईत का?" कुणीतरी म्हणालं, "छातीत कळ आली म्हंजी मानूस वरडतोच की." मंगल मान हलवायची. दहावा जवळ आला तेव्हा तिच्या माहेरच्या बायका आल्या आणि ती सांगू लागली, "मी गोठ्यात व्हते. ह्यांनी हाक मारली. मंगल म्हनून. मी म्हनलं, आले, एवढी धार हू द्या..."

गोठ्यात मशीनने धार निघते, त्या आवाजात फोनसुद्धा ऐकू येत नाही. मी ते सांगायला पुढे झाले आणि थांबले. नकाशा काढून काय झालं होतं ते मला माहीत होतं. बायका पुढे सरकल्या होत्या, एकजण विचारतही होती, "मंग? किती टायमानं गेलीस?"

जनाकाकू कोपऱ्यात बसल्या होत्या. आता थकल्यात, काठीशिवाय उठत नाहीत. त्या तिथूनच म्हणाल्या, "मंगल, जेवलीस का?"

मंगल थांबली. काकूंकडे बघतच राहिली. काकू काठीला रेटा देऊन उठल्या, तिच्या खांद्याला धरलं आणि तिला आत नेलं. मी मागून गेले. माहेरच्या बायका ओट्यावर तशाच राहिल्या, त्यांना काय वाटलं असेल ते असो. काकूंनी भाकरीवर झुणका घातला आणि घास तिच्या तोंडाजवळ धरला. मंगलने तो घेतला नाही. म्हणाली, "काकू, त्यांनी हाक मारली हुती." काकूंनी घास तसाच धरून ठेवला. चुलीवरच्या चहाला उकळी आली, मी तो खाली उतरवला. मंगल पुन्हा म्हणाली, "हाक मारली हुती... असं मला आठवतं." आणि हे शब्द कुणाचे ते तिच्या ध्यानात आलं असणार, कारण ती तिथेच खाली बसली आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली. काकू तिच्या शेजारी बसल्या. "व्हय," म्हणाल्या, "आठवतंय तुला." मग तिने घास घेतला.

त्या दिवसापासून ओट्यावर मी बसले. येईल त्याला सांगितलं, कसं झालं विचारू नका, चहा घ्या. दोघे-तिघे रागावले. मास्तरीण शिष्ट झाली म्हणाले. म्हणू देत.

दौंडला परतले तेव्हा फ्रिजमध्ये त्याने आणलेल्या शेवग्याच्या शेंगा तशाच होत्या, वाळून दोरी झालेल्या. जाण्याआधीच्या आठवड्यात तो त्या द्यायला आला होता. अर्धा तास बसला, चहा घेतला, उसाबद्दल बोलला आणि निघाला. मी गॅलरीत उभी होते. मुलगी म्हणते, मामाला एसटी गाठायची होती, तो तरातरा गेला, कोपऱ्यावरून सरळ दिसेनासा झाला. तीही माझ्या शेजारीच उभी होती, तिचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. मी तिच्याशी वाद घालत नाही. शेंगा अजून टाकलेल्या नाहीत.

कोपऱ्यावर विलास थांबला, मागे वळला आणि त्याने मला हात केला. असं मला आठवतं.